बिनवायरच्या मंडळात हळदीचं गाणं

हसणार आहात तुम्ही, मला माहीत आहे. हसा बापडे. आमची ही तर हा किस्सा मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागते, म्हणून तिला आत चहा टाकायला पाठवलंय. ती येईपर्यंत निम्मा तरी सांगून होईल. माणूस माती खातो, मान्य. पण मी बोर्डीपासून झाईपर्यंतचा आख्खा किनारा खाल्ला हो! आणि वर ढेकरसुद्धा सुरात दिला.

तर आमच्या डहाणूत एक संगीत मंडळ आहे. पाटीवरचं नाव ‘लोक व निर्विद्युत संगीत मंडळ’. गावात सगळे म्हणतात बिनवायरचं मंडळ. कारण आमच्या मैफिलीत विजेवर चालणारं काहीही चालत नाही. माईक नाही, स्पीकर नाही, इतकंच काय, पंखासुद्धा नाही! खाडीपलीकडे वीजकेंद्राची भलीमोठी चिमणी उभी, आणि अलीकडे आम्ही घामाने निथळत शुद्ध संगीत ऐकतोय. मे महिन्यातल्या मैफिलीला संगीत जास्त वाहिलं की घाम, हे अजून ठरलेलं नाही.

मंडळाचे अध्यक्ष सबनीससर. मुंबईत मोठ्या कॉलेजात शिकवायचे, निवृत्त झाल्यावर बोर्डीच्या रस्त्याला बंगला बांधून राहिले. माणूस विद्वान. कशाच्याही मुळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अंगाईगीत ऐकवलं तरी त्यात ते आदिमानव शोधून काढणार, आणि बाळ झोपायच्या आत त्यावर व्याख्यान देणार.

सर पहिल्या रांगेत बसतात. डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर. गाणं संपलं की बराच वेळ शांतता, आणि मग एकच शब्द. “वा!” बस. तो ‘वा’ मिळाला की गाणारा धन्य. टाळ्यांना बंदी आहे. टाळीने म्हणे सूर जखमी होतो. हसायचं नाही, पुटपुटायचं नाही, आणि खोकला आलाच तर मैफल होते त्या पॅकिंग शेडच्या बाहेर, चिकूच्या झाडांत जाऊन खोकून यायचं.

मागे एकदा झरीहून एका तारपावाल्याला बोलावलं होतं. आता तारपा म्हणजे काय, तो वाजायला लागला की लोक कमरेला हात घालून त्याच्याभोवती नाचणारच. इथे आमची शंभर टक्के सुशिक्षित मंडळी हाताची घडी घालून बसलेली. त्याने थोडं वाजवलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं, आणि शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, “कोण वारलं काय यांच्यातलं?”

तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण शहाणा झालो असतो तर आज तुम्हाला काय सांगितलं असतं?

आता तुम्ही विचाराल, अशा थोरामोठ्यांत माझ्यासारख्याचं काय काम? माझं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. मंडळाची निमंत्रणं, कार्यक्रमपत्रिका, सरांची व्याख्यानं, सगळ्याच्या प्रती माझ्याकडून. म्हणून मी सभासद. मंडळात मला सगळे ‘तांडेल’ म्हणतात. माझं नाव हेमंत आहे हे तिथे कोणाला ठाऊकही नाही. हेमू ही हाक फक्त आमच्या समुद्राकडच्या माणसांची.

घरात पिढ्यान्‌पिढ्या होडी. बाप, काका, चुलतभाऊ, सगळे दर्यावर. मी एकटा असा निघालो की होडी नांगरलेली असली तरी मला मळमळतं! एकदाच बापाने मला बरोबर नेलं होतं. किनारा दिसतोय तोवरच मी असा आडवा झालो की परत फिरावं लागलं. त्या दिवशीची मासळी गेली ती गेलीच, वर घराण्याची अब्रूही गेली. मग मी जमिनीवरचा धंदा धरला.

आणि मी बुलबुल तरंग वाजवतो. हसू नका! मनापासून वाजवतो. आणि या मंडळात, त्या पॅकिंग शेडमध्ये, सगळ्यांसमोर एकट्याने वाजवावं ही माझी फार दिवसांची इच्छा. दर वेळी मी सरांना विचारायचो, आणि दर वेळी सर म्हणायचे, “तांडेल, पुढच्या वेळी नक्की. या वेळच्या पत्रिका तेवढ्या वेळेत द्या.” किती मैफिली गेल्या! गावातल्या दातांच्या डॉक्टरांना गिटार वाजवायला मिळालं, त्यांच्या मेहुण्याला शीळ वाजवायला मिळाली. मी आपला पत्रिका वाटतोय.

मग एक दिवस बैठकीत सर म्हणाले, “आपण किनाऱ्यावर राहतो आणि किनाऱ्याचंच मूळ गीत आपण ऐकलेलं नाही! तांडेल, तुमच्यात काही गातात का?”

मी म्हटलं, “गातात ना सर. हळदीला बायका गातात.”

“कशाबद्दल?”

“सुरुवातीला दर्याचं, देवाचं असतं.”

सरांचे डोळे मिटले. “म्हणजे सागरस्तवन.”

“तसं म्हणायला हरकत नाही,” मी म्हणालो.

हीच ती माती. हा पहिला घास. हरकत होती हो! ढीगभर हरकत होती! पण पुढच्याच वाक्यात सर म्हणाले, “तुम्ही हे जमवून आणा, तांडेल. मैफिलीचं शेवटचं सादरीकरण तुमच्या बुलबुल तरंगाचं.” मग मला सगळ्या हरकती दिसेनाशा झाल्या.

आमच्याकडची हळदीची रीत तुम्हाला सांगायला हवी. सुरुवातीची गाणी देवाची, ते खरंच. पण पुढे मुलीकडच्या बायका मुलाकडच्यांना गाण्यातून चिडवतात. नावं घेऊन! कोणाचं पोट सुटलंय, कोणाची सासू खाष्ट आहे, कोण आहेर न आणता जेवून गेलं, सगळं जुळवून तिथल्या तिथे गातात. समोरच्यांनी उलट गाणं म्हणून उत्तर द्यायचं. जमत नसेल तर मानाचा विडा ठेवायचा, किंवा दुसरं काही हातावर ठेवून हरलो म्हणायचं. तोवर गाणं थांबत नाही. आणि समोरची बाजू गप्प बसली तर? तर तो मग्रूरपणा. मग गाणं आणखी तिखट होतं.

मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण लग्नात मी कुठे असतो? पुरुषांच्या घोळक्यात, जेवणाच्या मंडपाजवळ. मला वाटलं, आत्याला सांगू की फक्त देवाची गाणी म्हणा. इतकं सोपं!

मी गेलो झाईला, जमनाआत्याकडे. माझ्या बापाची धाकटी बहीण. गुजरातची हद्द तिथून हाकेवर, त्यामुळे तिच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि गुजराती कुठे सुरू होते हे तिलाही सांगता येत नाही. तिच्या घोळक्याशिवाय तिकडची हळद लागत नाही. ती अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती.

“आत्या, डहाणूला गायला यायचंय.”

“कोणाचं लगीन?”

“लग्न नाही. मैफल आहे.”

“मंग नवरा कोण?”

“नवरा नाही गं कोणी.”

“समोरची बाजू कोणती?”

मला घाई. मी म्हटलं, “समोर आमचं मंडळ बसेल.”

“बराबर. मंडळ ती वराची बाजू.” आत्याने मनात काहीतरी पक्कं केलं. “माणसं कशी हायेत?”

“आत्या, फक्त देवाची गाणी म्हणायची हं.”

“सुरुवात देवाचीच असते रे. तू बस. बोंबील तळते. माणसं कशी हायेत तेवढं सांग.”

तिने ताजे बोंबील तळले. कुरकुरीत, गरमगरम! आणि माझी जीभ सुटली. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं पत्रिका वाटून साठलेलं सगळं बाहेर आलं. दातांच्या डॉक्टरांची गिटार सुरात नसते. आमची मैफल ज्यांच्या चिकूच्या वाडीत होते ते रुस्तमशेठ, हजार झाडांचे मालक, पण मैफिलीला आलेल्याला एक चिकू पुसत नाहीत. आणि मग, दुसऱ्या ताटलीनंतर, मी ते सांगितलं जे जगात फक्त मला ठाऊक होतं.

सबनीससरांना कमी ऐकू येतं. कानात बारीकसं मशीन असतं, केसांखाली दिसत नाही. त्याचे सेल माझ्या दुकानातून जातात. आणि मैफल सुरू झाली की सर ते मशीन काढून कुर्त्याच्या खिशात ठेवतात! का? कारण ते विजेवर चालतं ना! नियम म्हणजे नियम. अध्यक्षांनीच मोडायचा? असा तत्त्वाचा माणूस. मैफिलीतलं एक अक्षर त्यांच्या कानावर पडत नाही, पण शुद्धतेला धक्का लागत नाही. त्यांनी मला माझ्या बुलबुल तरंगाची शपथ घातली होती, की हे कोणाला सांगायचं नाही.

आत्या हसली नाही. तिने फक्त विचारलं, “कुठल्या खिशात?”

“डाव्या,” मी म्हणालो, आणि आणखी एक बोंबील घेतला.

निघताना ती म्हणाली, “विडा ठेवायला विसरू नको. नायतर आम्ही गातच बसू.” बोंबील तोंडात असताना हळदीचा विडा कुठला आठवतो? मला वाटलं, बायकांना पान खायला हवं असेल. मी म्हटलं, हो हो, सगळं होईल.

मैफिलीचा दिवस उजाडला. सरांनी ‘सागरस्तवन: एक अर्थशोध’ नावाचं टिपण लिहिलं होतं. गाणं न ऐकताच कडव्यांचे अर्थ! मी म्हटलं, सर, आधी ऐकून घ्या तरी. तर म्हणाले, “तांडेल, आदिम गीतांचा आशय सगळीकडे एकच असतो.” मी निमूटपणे प्रती काढल्या.

संध्याकाळी रुस्तमशेठच्या वाडीत, चिकू पॅक करायच्या शेडमध्ये माणसं जमली. बसायला उलट्या ठेवलेल्या क्रेट. कासाहून, तलासरीहूनही मंडळी आली होती. आणि टेम्पोतून उतरल्या आत्या आणि तिच्या बायका! ठेवणीतली लुगडी, केसांत वेण्या, गळ्यात सोनं, आणि आवाज आधीपासूनच तापलेले. सगळं वऱ्हाड वाटावं असं.

डॉक्टर त्यांना समजावायला गेले, “ताई, इथे माईक नाही हं.”

“माईक?” आत्या म्हणाली. “दर्यावरच्या होडीला आम्ही घरातून हाक मारतो, बाबा.”

मग तिने मला बाजूला घेतलं. “विडा आणलास ने?”

बुलबुल तरंगाच्या तारा लावत होतो मी! सगळा जीव त्यात. “हो हो आत्या, तू सुरू कर.”

सर पहिल्या रांगेत बसले. हात कानापाशी गेला, तिथून डाव्या खिशात गेला. डोळे मिटले. मैफल सुरू.

पहिलं गाणं देवाचं. खरंच सुंदर! दर्याला नारळ वाहिल्याचं, होड्या सुखरूप येऊ दे म्हणून. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. गाणं संपलं. आणि शेडमध्ये शांतता. नियमाप्रमाणे पूर्ण शांतता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, “वा!”

आत्याने मान हलवली. तिला कळलं, ही वरबाजू अकडू आहे. तिने दुसरं गाणं उचललं.

“दारात आलो, पाणी नाय दिलं गो,
व्याह्यांचं तोंड कुणी शिवून नेलं गो!”

मी चमकलो. इकडेतिकडे पाहिलं. आमची मंडळी हातातल्या टिपणावर बोट ठेवून वाचत होती. ‘कडवे दुसरे: तहानलेल्या नौकेची आर्त हाक.’ एक बाई तर डोळे पुसत होत्या! बायका गात होत्या वेगात, एकीच्या ओळीत दुसरीची ओळ अडकवत, अर्ध्या आमच्या बोलीत आणि अर्ध्या गुजरातीत. टिपण हातात असताना ऐकायचं कोणी?

फक्त एका माणसाने ऐकलं. रुस्तमशेठ. बायकांनी तिसरं कडवं त्यांच्याकडे हात करून म्हटलं.

“शेठाच्या वाडीला चिकू लागले गो,
पाहुणे दारात उपाशी जागले गो!”

शेठ क्रेटवरून जवळजवळ पडलेच. “अरे मारी नाख्यो!” म्हणत पोट धरून हसायला लागले. “साची वात छे! खरं बोलते ही बाई!” आणि उठून त्यांनी पिकलेल्या चिकूंची क्रेट आणून आत्यापुढे ठेवली. आत्याने दोन्ही हात जोडले. शेठ सुटले.

डॉक्टरांनी तोंडावर बोट ठेवलं. “शेठ, शांतता!”

झालं! बायकांचं लक्ष डॉक्टरांकडे गेलं.

“दाताचा डॉक्टर गिटार लावतो गो,
दुखऱ्या दाढंचा सूर त्यात घावतो गो!”

डॉक्टरांचं बोट तोंडावरच राहिलं. त्यांनी टिपण पाहिलं. टिपणात लिहिलं होतं, ‘कडवे चौथे: शंखध्वनी.’ त्यांनी टिपण खाली ठेवलं. आणि एकेकाने टिपण खाली ठेवायला सुरुवात केली. ऐकू यायला लागलं ना आता! ज्याचं नाव निघेल तो लाल, आणि शेजारचा गालातल्या गालात हसतोय. पण उत्तर कोणी देईना. विडा कोणी ठेवीना. नियम! हसायचंसुद्धा नाही! आख्खं मंडळ ओठ दाबून, डोळे वटारून गप्प. बायकांना वाटलं, केवढी ही मग्रुरी!

माझं काय झालं असेल, सांगा बरं? पुढचं नाव कोणाचं येणार हे मला कळून चुकलं होतं. ते गुपित फुटलं की सरांची अब्रू जाणार. माझं बुलबुल तरंग तर गेलंच म्हणून समजा. ते कोपऱ्यात तयार बसलं होतं बिचारं, तारा लावून.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावर हात मारला, मग दोन्ही हात कानांवर ठेवले. म्हणजे पुरे कर, ऐकवत नाही गं! हात जोडले आणि परत कान धरले.

आत्याचा चेहरा उजळला. तिने मान डोलावली. तिला वाटलं, भाचा आठवण करून देतोय. कानाचं राहिलंय!

“कानाचं मशीन खिशात निजलं गो,
न ऐकता गाणं याला समजलं गो!
डाव्या खिशात बघा कोण बोलतं गो,
बिनवायरचा देव मुका डोलतो गो!”

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. डावा खिसा थोडा फुगलेला होता. इतकी वर्षं टाळ्या का नाहीत, बोलणं का नाही, गाणं संपल्यावर एवढी शांतता का, हे सगळं मंडळाला एका क्षणात समजलं. सरांना तेवढं समजलं नाही. बायकांचे हात खाली आलेले त्यांनी डोळे किलकिले करून पाहिले, गाणं संपलं असं धरलं आणि गदगदून म्हणाले, “वा!”

तो त्यांचा आजवरचा सर्वांत मोठा ‘वा’ होता.

रुस्तमशेठ तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाले. आत्याने पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला. आता हे थांबवायचं कसं? विडा हवा. विडा कुठे? माझ्या खिशात एक रुमाल आणि स्कूटरची चावी. चावी ठेवावी असंही मनात आलं, पण आत्याने ती ठेवून घेतली असती आणि स्कूटर झाईला गेली असती. उरलं काय? उत्तराचं गाणं!

मी उठलो. वराच्या बाजूने एकटा उभा राहिलो. या शेडमध्ये एकट्याने उभं राहायची इतकी वर्षं स्वप्नं पाहिली होती, आणि तो क्षण असा यावा! डोकं रिकामं होतं. तोंडाला येईल ते गायलो.

“झाईच्या बायका भांडणाला तयार गो,
मांजरीनं नेले आत्याचे बोंबील चार गो!”

किती पुचाट! मला कळत होतं. पण बायकांनी काय केलं? अहो, आनंदाने किंचाळल्या त्या! शेवटी एक तरी माणूस निघाला या मुक्या वरबाजूत! आणि उत्तर आलं तर त्याला प्रत्युत्तर नको? आत्याने पदर खोचला, सरळ माझ्याकडे बोट केलं.

“दर्याच्या घरचा हेमू दर्याला भ्याला गो,
होडीत बसला नि आडवा झाला गो!
बोंबील खायला झाईला आला गो,
साऱ्यांच्या चहाड्या सांगून गेला गो!”

आता सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. डॉक्टर बघतायत. डॉक्टरांचा मेहुणा बघतोय. दाराशी परत आलेले रुस्तमशेठ बघतायत. आणि मी? कागदासारखा पांढरा, मधोमध उभा.

मग डॉक्टर हसले. एवढा वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम सुटलं! आख्खी शेड हसायला लागली, लोक उठून टाळ्या पिटायला लागले, क्रेटवर पाय आपटायला लागले. त्या हादऱ्याने सरांचे डोळे उघडले. त्यांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं आणि करड्या आवाजात विचारलं, “टाळ्या? कोणी वाजवल्या टाळ्या?”

कोण सांगणार? शपथेवर सांगतो, त्या मंडळात प्रथमच सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, “सर, ते स्तवनाचाच भाग आहे. लाटांचा आवाज.”

“अस्सं!” सर म्हणाले. “आणि तांडेल, तुम्हीही गायलात? छान. शेवटचं कडवं फार मूळचं वाटलं. नुसत्या स्पंदनांनी पोहोचलं मला.”

त्या गडबडीत सगळे चिकू खायला गेले, बायका टेम्पोत बसल्या, आणि बुलबुल तरंग तसंच राहिलं. सर म्हणाले, “तुमचं पुढच्या वेळी नक्की.”

आत्या जाताना गालावर हात फिरवून म्हणाली, “वरबाजू चांगली हाय रे. जरा लाजरी हाय.”

मला वाटलं, मिटलं. काही दिवसांनी सर दुकानात आले, हातात कागदांची चळत. म्हणाले, “डॉक्टरांकडून शेवटच्या कडव्याचे शब्द मिळवले. बाकीची कडवी म्हणे फार कठीण बोलीत आहेत, त्यांना उतरवता आली नाहीत.” डॉक्टरांनी असा दातासारखा मुळापासून सूड उपटला होता! “तांडेल, हा हेमू कोण, याचा मी रात्रंदिवस विचार केला. हा या किनाऱ्याचा अत्यंत प्राचीन लोकनायक असला पाहिजे. समुद्र पाहून भ्यालेला पहिला मानव! आणि ‘साऱ्यांच्या चहाड्या सांगून गेला’ म्हणजे काय? देवांची गुपितं माणसांपर्यंत आणणारा! केवढा उदात्त! तुमच्यात याची पूजा वगैरे होते का?”

मी म्हटलं, “घरी बायको अधूनमधून करते, सर.”

“लिहून ठेवतो,” सर म्हणाले.

त्या शोधनिबंधाच्या प्रती कोणी काढल्या? मीच! माझ्या समुद्राच्या भीतीवरची पानंच्या पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली, स्टेपल करून दिली.

आणि पुढच्या मैफिलीत मला एकट्याचं सादरीकरण मिळालं हो! खरंच मिळालं. पत्रिकेवर ठळक छापलेलं. ‘हेमूगीत: बुलबुल तरंग व गायन, श्री. तांडेल.’ ती पत्रिकासुद्धा मीच छापली. त्या संध्याकाळी शेड खच्चून भरली. वेवजीपासून माणसं आली, झाईहून टेम्पो भरून बायका आल्या, आणि आमची ही पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून बसली.

मी बुलबुल तरंग मांडीपुढे घेतलं आणि गायलो. हेमू दर्याला कसा भ्याला. होडीत कसा आडवा झाला. बोंबील कसे खाल्ले. कोणी हसलं नाही, नियम आहे ना! नुसत्या क्रेट हलत होत्या. आत्या तेवढी मधूनच म्हणाली, “आडवा झाला तिथं आवाज अजून पाड रे!”

गाणं संपलं. सरांनी मशीन कानात घातलं, उठून माझ्यापाशी आले. डोळे ओलावलेले. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “तांडेल, इतके दिवस तुम्हाला थांबवून मी चूक केली. या हेमूशी तुम्ही किती एकरूप होता हो!”